करडीच्या तेलातली अव्वा

चाळीस वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न ‘हुबेहूब येईल का’ हा नाही. तो आहे, ‘बाई, वाळलं का?’ आणि लोक नुसतं विचारून थांबत नाहीत, विचारता विचारता बोट लावून बघतात. नळदुर्गच्या आसपास निदान वीस घरांत मी काढलेल्या आजोबांच्या गालावर कुणाच्या ना कुणाच्या अंगठ्याचा ठसा आहे. पूर्वी मी भांडायचे. आता चित्र देतानाच सांगते की ठसा उमटला तर तो तुमच्या घरचा, माझ्या कामातला नाही.

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, तैलचित्राची साधनं आणि तंत्र यावर सोपं करून लिहा, नवशिक्यांना उपयोग होईल. मी हो म्हटलं. पण कापड, ब्रश आणि तेल सांगायला बसले की मला अव्वा आठवते, तेव्हा ती मध्ये येणार. संपादकांनी कापली तर मी पुन्हा लिहिणार नाही.

माझे वडील बोर्ड रंगवायचे. हैदराबाद रस्त्यावरचे धाबे, ट्रकचे फाळके, पिठाच्या गिरण्या. त्यांच्या हाताखाली मी अक्षरं शिकले, मग सोलापूरला दोन वर्षं चित्रकला शिकले आणि बसस्टँडच्या मागं एका खोलीत दुकान टाकलं. तेव्हापासून गाव मला पेंटरबाई म्हणतं. माझं खरं नाव बँकेच्या पासबुकावर आहे आणि तिथंही ते चुकीचं छापलंय. बोर्डांवर माझं पोट चाललं, पण नाव झालं माणसांच्या चित्रांवर. खरं सांगायचं तर मेलेल्या माणसांच्या. आमच्याकडं जिवंत माणूस स्वतःचं तैलचित्र काढून घेत नाही, अपशकुन वाटतो. त्यामुळं माझ्यासमोर बसायला कधी कुणी आलंच नाही. आले ते त्यांचे फोटो, आणि फोटोबद्दल तक्रारी असलेले नातेवाईक.

एका धाबेवाल्यानं वडिलांचा फोटो आणला. म्हणाला, ‘बाई, फोटोत रागावल्यागत दिसतेत. जरा हसरे करा.’ मी केले. ओठांची टोकं किंचित वर नेली, डोळ्यांखाली बारीक घडी घातली. मला माझंच कौतुक वाटलं. पाच दिवसांनी सगळं घर बघायला आलं आणि आळीपाळीनं चित्राजवळ जाऊन बघू लागलं. शेवटी त्याची आई म्हणाली, ‘छान हाय. पण ह्ये कोण?’ मी त्यांच्यासमोरच ओठ खाली आणले, घडी पुसली. म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. ‘आता आले,’ म्हणाली.

तेलरंगाचा हा मोठा गुण. पाण्याचा रंग तासाभरात वाळतो आणि चूक तशीच राहते. तेलरंग चारआठ दिवस ओला राहतो. तेवढ्यात माणसाला हसरं करता येतं, रागीट करता येतं, नाक इकडचं तिकडं करता येतं. मात्र हे ओलं राहणं मोजकं पाहिजे. वेळेवर वाळलं नाही, तर त्याच्यासारखी फजिती नाही.

आता साधनं. कापड म्हणजे साधं मांजरपाट चालतं, लाकडी चौकटीवर ताणून चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायचे. कोऱ्या कापडावर थेट तेल लावलं तर कापड कुजतं, म्हणून आधी सरस आणि खडूची पूड यांचा हात द्यायचा. सरस जनावराच्या कातड्यापासून होतो. ब्रश डुकराच्या केसांचा सगळ्यात चांगला, ताठ असतो, घट्ट रंग ओढतो. या दोन गोष्टी मी गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही. आमच्या भागात निम्मी गिऱ्हाइकं कपाळाला भस्म लावणारी, घरात अंडंसुद्धा न येणारी. एकदा एका मावशींनी ब्रश हातात घेऊन विचारलंच, ‘कशाचा गं?’ मी म्हटलं, ‘केसांचा.’ ‘कुणाच्या?’ मी म्हटलं, ‘मावशी, चहा घेणार का?’

रंग लावायचा मुख्य नियम एकच, खाली कोरडं आणि वर तेलकट. पहिल्या थरात टर्पेंटाइन भरपूर, तेल नावाला. त्यात चेहऱ्याची ठेवण एका तपकिरी रंगात मांडून घ्यायची. तो थर चांगला वाळू द्यायचा. मग एकेका थराला तेल वाढवत न्यायचं. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून आकसतो आणि उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तसं आजोबांचं कपाळ तडकतं.

राहिलं तेल. लोकांना वाटतं, वाळतं म्हणजे उडून जातं. पाणी उडतं, टर्पेंटाइन उडतं. तेल मात्र जागेवर राहून हवा घेतं आणि घट्ट होतं. तुमच्या स्वयंपाकघरात हे रोज चाललेलं असतं. तेलाच्या किटलीच्या तोटीखाली पिवळा चिकटा बसतो आणि राखेनं घासला तरी निघत नाही, ते वाळलेलं तेल. पण सगळीच तेलं वाळत नाहीत. जवसाचं वाळतं. करडीचं वाळतं, पण सावकाश. शेंगदाण्याचं नुसतं चिकट होऊन बसतं. पामतेल तर जन्मात वाळत नाही. जवसाचं तेल वर्षं गेली की पिवळं पडतं, म्हणून पांढरे फेटे आणि कपाळाचं भस्म मी करडीच्या तेलात करते.

कुठलंही नवं तेल आलं की त्याचा एक थेंब काचेवर टाकायचा, शेजारी तारीख लिहायची आणि काच खिडकीत ठेवायची. थेंब बोटाला लागेनासा झाला की मगच ते तेल रंगात घ्यायचं. बाटलीवर कितीही झकपक चिठ्ठी असली तरी. हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला.

नळदुर्गपासून दहाबारा किलोमीटरवर एका गावात इरप्पांचा लाकडी घाणा आहे. पूर्वी बैलावर चालायचा, आता मोटारीवर. दरवर्षी नवी करडी निघाली की मी तिथून दोन बाटल्या तेल आणायचे. मिठाच्या पाण्यानं धुऊन, महिनाभर उन्हात ठेवलं की पाण्यासारखं नितळ व्हायचं. घाण्यापाशी इरप्पा बसायचे आणि माप घालायला त्यांची बायको निलव्वा. तिला सगळं गाव अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणायचं, म्हणून मीही. मला बघितलं की ती नवऱ्याला ओरडून सांगायची, ‘आली बघा पेंटरबाई. आमी जिवापाड काढलेलं तेल ही भिताडाला फासणार.’

मी म्हणायचे, ‘अव्वा, तुमच्या तेलानं माझी माणसं गोरी राहतात.’

‘ऱ्हातील की. माप घालून घालून मीच तेवढी काळी ऱ्हायले.’

माप भरलं की वर एक पळी जास्त घालायची आणि ‘ही तुज्या मेलेल्या म्हाताऱ्यांना’ म्हणायची. तिच्या जिभेपुढं कुणाचं चालायचं नाही. आणि तिच्या मापापुढंही नाही.

ती अव्वा कार्तिकात गेली. पुढच्या आषाढात इरप्पा माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. एका हातात आधार कार्ड, दुसऱ्या हातात तेलाची बाटली. त्यांना वर्षाच्या पुण्यस्मरणाला अव्वाचं तैलचित्र पाहिजे होतं. नातवानं मोबाईलवर एक करून दिलं होतं, तेही त्यांनी दाखवलं. त्यात अव्वाला भुवया कोरलेल्या होत्या आणि ती कुठल्याशा साबणाची जाहिरात करत असल्यासारखी दिसत होती.

‘ह्ये बेड,’ इरप्पा म्हणाले. मनातून आलं की त्यांना कानडीच सुचतं. ‘ही नको. आपली पायजे.’

आधार कार्डावर तर अव्वाला पोलीस शोधत असावेत असं वाटत होतं. दुसरा फोटो एका लग्नातला, त्यात ती पदरात तोंड लपवून हसत होती. म्हणजे हसणारा पदर होता, अव्वा नव्हती.

‘अप्पा, नाक कसं होतं सांगा बरं,’ मी कागद पुढं ओढला.

अप्पांनी डोळे मिटले. मग म्हणाले, ‘डावीकडनं सांगू का?’

‘डावीकडनं म्हणजे?’

‘म्या घाण्यावर बसायचो, ती मापावर. पन्नास वर्सं म्या तिला डाव्या अंगानंच बघितलं. समोरून बघायचं काम कुटं पडलं? समोरून आली की काय तरी मागायलाच आली असंल म्हणून म्या मान खाली घालायचो.’

मी हसले, पण पेन्सिल थांबली. समोरून अव्वाला मी बघितलेलं होतं, गिऱ्हाईक म्हणून, वर्षातून एकदा. डावीकडून त्यांनी. आम्ही दोघांनी मिळून तिला जुळवायला घेतलं. मी समोरचं सांगायचे, ते बाजूचं. ‘कानावर एक केस कायम सुटा असायचा.’ ‘बोलताना खालचा ओठ पुढं यायचा.’ ‘बोलत नसताना?’ अप्पा विचारात पडले. ‘बोलत नसताना म्या तिला कवा बघितलं न्हाय.’ शेवटी ठरलं की अव्वा थोडी डावीकडून, माप हातात, आणि नजर समोरच्या गिऱ्हाइकाकडं.

निघताना त्यांनी बाटली पुढं सरकवली. ‘आपल्या घाण्याचं हाय. तिच्या तोंडाला बाजारचं तेल लावायचं न्हाय.’

करडीचं तेल सावकाश वाळतं हे मला माहीत होतं, पण चार महिने हातात होते. मी बाजारच्या ट्यूब बाजूला ठेवल्या आणि गेरू, पिवडी, काजळी, सफेदा अशा कोरड्या पुडी काढल्या. काचेवर थोडं तेल, थोडी पूड, आणि काचेच्या बत्त्यानं गोल गोल घोटायचं, लोण्यासारखं होईपर्यंत. मनगट भरून येतं. वडील असं घोटायचे. अव्वासाठी मी सरस टाळून तयार प्रायमर आणला आणि नायलॉनचा ब्रश काढला. तिनं आयुष्यभर पाळलेला शाकाहार मी कशाला मोडू?

पण काचेवर थेंब टाकला नाही. अव्वाच्या घाण्याचं तेल तपासायचं, म्हणजे तिच्या मापावर संशय घेतल्यासारखं. लाज वाटली मला. नियम मोडताना माणसाला कारण नेहमी चांगलंच सापडतं, असं आता वाटतं.

पहिला तपकिरी थर टर्पेंटाइनचा, त्यात तेल जवळजवळ नव्हतंच. तो चार दिवसांत वाळला. मग घोटलेले रंग चढवले. अव्वा हळूहळू येऊ लागली. दर बाजाराच्या दिवशी अप्पा यायचे, स्टूलवर बसायचे आणि चित्राच्या डाव्या बाजूला सरकून बघायचे. एकदा म्हणाले, ‘हात जरा हलका धरलाय तिनं. ती माप गच्च धरायची.’ मी बोटं आवळली. ‘आता बराबर.’

श्रावणात रंग ओलाच. मी म्हटलं, दमट हवा आहे. भाद्रपदातही ओला. मी म्हटलं, थर जाड झाला असेल. नवरात्रात अव्वाच्या खांद्यावर एक माशी येऊन बसली आणि तिथंच अडकली. चिमट्यानं काढली तर तिचा एक पाय मागं राहिला. तेव्हा मात्र माझी झोप उडाली. पुण्यस्मरणाला महिना उरला होता. तिथं चित्राला हार पडणार, विधी सांगणारे स्वामी त्याच्या कपाळाला भस्म लावणार, आणि सगळ्यांची बोटं रंगणार. चाळीस वर्षांचं नाव एका माशीच्या पायापाशी येऊन अडकलं.

मग जे आधी करायचं ते मी नंतर केलं. काचेवर तीन थेंब टाकले. एक जवसाचा. एक अव्वानं स्वतः भरून दिलेल्या जुन्या बाटलीतला, तळाशी थोडं उरलं होतं. तिसरा अप्पांनी आणलेल्या बाटलीतला. जवस पाचव्या दिवशी वाळलं. अव्वाचं तेल पंधराव्या दिवशी बोटाला लागेनासं झालं. तिसरा थेंब काच वाकडी केली की पाझरत खाली यायचा.

यात समजायला काही अवघड नव्हतं. तेलात दुसरं तेल होतं. घाणा आता अप्पा चालवत नव्हते, त्यांचा मुलगा महादेव चालवायचा.

अप्पांना सांगायचं का? मी ठरवलं, नाही. म्हाताऱ्याची बायको गेली, आता घाणाही काढून घ्यायचा का? जवसाच्या तेलात दुसरं चित्र गुपचूप करावं आणि हेच ते म्हणून द्यावं. तेवढं खोटं बोलायची तयारी मी केली होती. कापडसुद्धा ताणून ठेवलं होतं.

आणि बाजाराचा दिवस नसताना अप्पा आले.

मी पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात त्यांना खिडकीतली काच दिसली. बाहेर आले तर त्यांनी ती उजेडाकडं धरली होती. वाकडी केली, सरळ केली, पुन्हा वाकडी केली. पन्नास वर्षं तेलात हात असलेला माणूस तो.

‘कुठलं कुठलं हाय ह्ये?’

‘असंच. प्रयोग करत होते, अप्पा.’

‘बाई.’

एवढंच म्हणाले. मला खोटं बोलता येईना. मी एकेका थेंबावर बोट ठेवून सांगितलं. हे जवस. हे अव्वानं दिलेलं. आणि हे तुम्ही आणलेलं.

अप्पांनी काच होती तशी खिडकीत ठेवली, पटक्याच्या टोकानं बोटं पुसली. ‘जिभेला लागलं हुतं मला,’ ते म्हणाले. ‘गेल्या दिवाळीनंतर भाजीला चव लागंना. म्या म्हणलं, म्हातारपण आलं, तोंडाची चव गेली. तेल खराब असंल असं मनात बी आलं न्हाय.’

मला फार वाईट वाटलं. मी दुसऱ्या चित्राचं बोलले. वेळेत होईल, जवस लवकर वाळतं, कुणाला कळणार नाही.

‘नको. हीच न्यायची.’

‘ओली आहे, अप्पा.’

‘वली तर वली.’

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुण्यस्मरणाच्या सकाळी आम्ही चित्र टेम्पोत उभं धरून नेलं. मी एका कडेला, अप्पा दुसऱ्या. रस्ताभर मी धुळीला शिव्या घालत होते.

घरासमोर मांडव, सगळे सोयरे आलेले. चित्र पाटावर ठेवलं. बायका ‘अव्वाच की गं’ म्हणाल्या, ते मी कानात साठवून ठेवलंय. स्वामींनी मंत्र म्हटले, भस्मात तीन बोटं बुडवली आणि हात चित्राच्या कपाळाकडं नेला. अप्पांनी त्यांचं मनगट धरलं.

‘स्वामी, हात लावू नका. वली हाय.’

मांडवात कुजबुज सुरू झाली. उमरग्याहून आलेला एक जावई मोठ्यानं म्हणाला, ‘चार महिने घेऊन वलंच दिलं व्हय बाईनं? त्यापेक्षा फ्लेक्स केला असता, तासात मिळाला असता.’ एकजण हसला. फ्लेक्सचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. एरवी मी त्या जावयाला तिथंच धुतला असता. पण उत्तर दिलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं, म्हणून दात आवळून उभी राहिले.

अप्पा उठले. ‘बाईचं काम पक्कं हाय,’ म्हणाले. ‘तेल कच्चं हाय. आमच्या घाण्याचं.’

म्हणताना त्यांनी कुणाकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. महादेव खांबापाशी पत्रावळ्या मोजत होता, त्याचे हात थांबले. मांडवातल्या सगळ्यांच्या घरी त्याच घाण्याचं तेल होतं.

चित्र घरात लावतील असं मला वाटलं होतं. अप्पांनी ते घाण्याच्या दुकानात लावलं, महादेव बसायचा त्याच्या बरोबर समोर. ‘वाळल्यावर भस्म लावू,’ म्हणाले.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, ‘अप्पा, ती वाळायची नाही. वर्षानुवर्षं नाही.’

‘मला घाई न्हाय.’

त्या हिवाळ्यात मी दोनदा त्या बाजूला गेले. पेंडीची धूळ उडून अव्वाच्या तोंडावर बसत होती. गालावर भुसा, पदरावर करडीची टरफलं, मापावर कोळ्याच्या जाळ्याचा तुकडा. माझं चांगलं काम असं बघून जीव तुटायचा. अप्पांना म्हटलं, निदान कापड तरी टाका. म्हणाले, ‘तिला दिसू दे.’ गिऱ्हाईक आलं की आधी चित्राकडं बघायचं, मग महादेवकडं. महादेवनं आपली बसायची जागा फिरवून घेतली, तर अप्पांनी चित्रही फिरवून लावलं. बापलेकांत बोलणं बंद नव्हतं. पण तेलाबद्दल कुणी बोलत नव्हतं.

होळी झाल्यावर महादेव माझ्या दुकानात आला. चाळिशीचा माणूस, पण पायरीवर बापासारखाच बसला, आणि हातात बापासारखीच बाटली.

‘बाई, एक थेंब काचेवर टाकून बघा.’

मी ब्रश धूत राहिले. मला राग होता. मांडवातला अपमान मी विसरले नव्हते.

मग त्यानंच सांगितलं. ‘पुण्याहून मागणी आली, लाकडी घाण्याचं पायजे म्हणून. आणि करडी कुटं मिळंना, सगळ्यांनी सोयाबीन पेरलं. म्हणलं थोडं पामतेल घातलं तर कुणाला कळतंय. आदी थोडं घातलं.’ तो थांबला. ‘अव्वा मापावर असती तर हिंमत झाली नसती, बाई. ती गेली आन् म्या सुटलो.’

‘आणि हे कुठलं?’

‘ह्या वर्षी सोताच्या रानात करडी केली. काटं बघा.’ त्यानं तळहात दाखवले. करडीची काढणी ज्यानं केली त्यालाच ते हात कळतात. ‘अप्पाला सांगू नका. वाळलं तर सांगा.’

मी तेल धुतलं, उन्हात ठेवलं आणि मग तारीख लिहून थेंब टाकला. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी काच बघायची. आठव्या दिवशी चिकट. बाराव्या दिवशी साय धरल्यासारखं. सोळाव्या दिवशी मी बोट टेकवलं, उचललं, बोट कोरडं. मला इतका आनंद झाला की शेजारच्या सायकलवाल्याला बोलवून त्यालाही बोट लावायला लावलं. त्यानं लावलं, ‘बरं’ म्हणाला आणि पंक्चर काढायला परत गेला.

मी टर्पेंटाइनची बाटली आणि जुन्या धोतराच्या चिंध्या घेऊन घाण्यावर गेले. चित्र खाली उतरवलं, आडवं ठेवलं आणि चिंधी भिजवून अव्वाच्या गालावरून फिरवली. भुसा, टरफलं, पिवडी, सफेदा, सगळं चिंधीला लागून निघालं.

अप्पांनी माझा हात धरला. ‘पुसू नका. बाई, पुसू नका तिला.’ महादेवही उठून उभा राहिला.

‘अप्पा, वरची पुसतेय. खालची बघा.’

रंगाखाली तपकिरी अव्वा होती. पहिल्या थरातली, जवळजवळ बिनतेलाची, चार दिवसांत वाळलेली. नाक, पुढं आलेला ओठ, कानावरचा सुटा केस, माप धरलेला हात. खरडून बघितलं असतं तरी निघाली नसती. खाली कोरडं आणि वर तेलकट, हा नियम मी शेकडो वेळा पाळला असेल, पण त्याचे उपकार मला त्या दिवशी कळले.

अप्पा वाकून बघत राहिले. डावीकडून.

महादेवच्या तेलात मी रंग पुन्हा घोटले आणि तिथंच, घाण्याच्या दुकानात, तीन आठवड्यांत अव्वाला पुन्हा उभी केली. दुकानात एवढे सल्लागार की डोकं उठायचं. पदर हिरवा होता की मोरपंखी, यावर दोन बायकांचं भांडण झालं. वैशाखाच्या उन्हात ती वाळली. जाताना मी महादेवला माझी काच दिली. आता घाण्याच्या खिडकीत ती असते, दर खेपेच्या तेलाचा एकेक थेंब तारखेसह तिच्यावर असतो, आणि गिऱ्हाईक बोट लावून बघून मगच डबा पुढं करतं. ठसे उमटतात, पण त्याबद्दल मी भांडत नाही.

भस्म लावायच्या दिवशी मांडव नव्हता, स्वामीही नव्हते. अप्पा, महादेव आणि मी. अप्पांनी भस्मात तीन बोटं बुडवली आणि बिचकत हात अव्वाच्या कपाळाकडं नेला. तीन पट्टे ओढले. मग बोटं डोळ्यांजवळ धरून निरखली. नुसतं भस्म होतं, रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

त्यांनी ती बोटं महादेवसमोर धरली.

‘वाळली रे,’ म्हणाले, आणि उरलेलं भस्म त्याच्या कपाळाला लावलं.